पाहण्याच्या कार्यक्रमापासून साखरपुड्यापर्यंत: सोलापुरात काय, केव्हा, कुणी करायचं?

होटगी_रोड (धागाकर्ता)

मुलगी जुळे सोलापूरची, मुलगा पुण्यात नोकरीला, त्याचं मूळ गाव मोहोळ तालुक्यातलं. बायोडेटा आणि फोटो दोन्हीकडून पसंत आहेत. आता पाहण्याचा कार्यक्रम ठरतोय. पुढची पायरी कोणती, कुणी आधी फोन करायचा, बैठकीत काय बोलायचं, अंगठ्या-साड्यांची घाई कधीपासून, हे सगळं एका जागी हवंय. जाणकारांनी आकड्यांसकट लिहा. पत्रिका बघावी की नाही यावर वाद नको (होणारच म्हणा).

टिळकचौक

आधी क्रम घ्या: पाहण्याचा कार्यक्रम, मुलामुलीची वेगळी भेट, मुलीकडच्यांनी मुलाचं घर बघणं, तपासण्या आणि कागद, मग बैठक म्हणजे सुपारी, आणि शेवटी साखरपुडा. सगळं नीट करायचं तर दीड ते दोन महिने लागतात. पहिल्याच दिवशी पसंती, तिथेच सुपारी आणि पुढच्या रविवारी साखरपुडा असं ज्यांचं ठरतं, त्यांचं मधलं सगळं बोलणं साखरपुड्यानंतर होतं. तेव्हा माघार घ्यायची तर चार लोकांत घ्यावी लागते. स्थळं मोडतात ती बहुधा नापसंतीने नव्हे, न बोललेल्या गोष्टींनी.

पाहण्याच्या कार्यक्रमाला दोन्हीकडून मिळून दहा-बाराच माणसं असावीत. पहिल्याच दिवशी मामा, आत्या, काका आणले की मुलामुलीला तोंड उघडायला जागा उरत नाही. उत्तर किती दिवसांत देणार ते निघतानाच सांगा. आठ दिवस पुरेत. नकार असेल तर मध्यस्थाकरवी एका वाक्यात कळवायचा. कारणांची यादी द्यायची नाही. फोन न उचलणं म्हणजे नकार, ही पद्धत मात्र फार वाईट.

चटणी_भाकर

पुण्याहून कारने येणाऱ्यांचा अंदाज हमखास चुकतो. अंतर अडीचशे किलोमीटर, म्हणून "चार तासांत पोचतो" म्हणतात. हडपसरमधून बाहेर पडेपर्यंतच तास जातो, हे धरत नाहीत. मग इकडे पोहे दोनदा गरम होतात आणि पार कडक होतात.

बारा जणांना: जाडे पोहे पाऊण किलो, कांदे अर्धा किलो, शेंगदाणे १०० ग्रॅम, मिरच्या आठ-दहा. दाणे आधी तळून बाजूला काढा, कांदा परतून फोडणी तयार करून झाकून ठेवा. सावळेश्वरच्या टोलनाक्यावरून फोन आला की पोहे चाळणीत धुऊन निथळत ठेवायचे आणि मीठ-साखर तेव्हाच पोह्यांना लावायची. गाडी शहराच्या वेशीवर बाळ्याला आली की फोडणी गरम करून पोहे घालायचे आणि पाच मिनिटं वाफ काढायची. पोहे फार आधी भिजवले तर गोळा होतो, फोडणीत टाकून ठेवले तर चिवट होतात.

सुशीला (चुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा प्रकार) करणार असाल तर ती आयत्या वेळीच. चुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळायचे. पाहुणे पुण्याचे असतील तर सुशीलेचं कौतुक होतं आणि बोलायला विषयही मिळतो.

नवी_पेठ

रेल्वेने येणार असतील तर एक लक्षात घ्या. हुतात्मा आणि वंदे भारत दोन्ही सकाळी सोलापूरहून निघतात आणि रात्री परत येतात. सोलापूरकराला पुण्यात मुलाचं घर बघून त्याच दिवशी परतायला हे सोयीचं आहे. पुणेकराला मात्र दिवसाच्या दिवसात येऊन जायला या दोन्ही गाड्या उपयोगाच्या नाहीत. त्यांना कार नाहीतर मुक्काम.

तारखेचंही बघा. संक्रांतीच्या सुमारास गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा असते, नंदीध्वजांच्या मिरवणुका असतात. सिद्धेश्वर मंदिर, होम मैदान, पार्क चौक या भागात त्या दिवसांत कार घालणं शक्य नसतं. पाहुण्यांना गड्डा दाखवायचा असेल तर गोष्ट वेगळी, पण त्याच दिवशी पाहण्याचा कार्यक्रम ठेवू नका. आषाढी वारीत एसटीच्या गाड्या पंढरपूरकडे वळवतात, तेव्हा गावाकडच्या माणसांचे हाल होतात. एप्रिल-मे मध्ये दुपारी बोलावूच नका. पारा चाळिशीच्या वर असतो, येणारा माणूस घामाघूम होऊन पहिली दहा मिनिटं नुसतं पाणी पीत बसतो. संध्याकाळी साडेपाचनंतर ठेवा.

कंबर_तलाव

मुलामुलीची वेगळी भेट घरातल्या आतल्या खोलीत दहा मिनिटं, दाराबाहेर आत्या उभी, ही भेट धरू नका. दुसऱ्या दिवशी बाहेर तास-दीड तास द्या. सिद्धेश्वर मंदिराचा परिसर, तलावाकाठ, किल्ल्याची बाग, नाहीतर सात रस्त्याच्या बाजूचं एखादं शांत हॉटेल.

छंद वगैरे आपोआप निघतात. हे मात्र ठरवून विचारा: लग्नानंतर राहायचं कुठे, आणि "काही वर्षांनी सोलापूरला परत" हा बेत खरा आहे की आईवडिलांना बरं वाटावं म्हणून सांगितलेला. मुलीची नोकरी पुण्यात नाही मिळाली तर काय. घराचं, गाडीचं, शिक्षणाचं कर्ज किती आणि हप्ता कुणाच्या पगारातून. म्हाताऱ्या आईवडिलांचं औषधपाणी कोण बघतं. आधी कुठे ठरून मोडलं आहे का. मांसाहार, उपवास, देवधर्म. रागात आवाज चढतो का, हे विचारून कळत नाही. वेटर चुकीची ऑर्डर घेऊन आला की दिसतं.

होटगी_रोड

पगार आणि शेती खरी किती ते कसं बघायचं? थेट विचारलं तर वाईट दिसतं.

सातबारा

वाईट काही दिसत नाही, दोन्हीकडून कागद ठेवले की झालं. बायोडेटात पॅकेज १२ लाख लिहिलेलं असतं. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, कामगिरीवर मिळणारा बोनस सगळं धरलेलं असतं. हातात महिन्याला किती येतात तोच आकडा विचारा. फॉर्म १६ किंवा भरलेल्या रिटर्नची पावती दाखवायला कष्ट नाहीत.

शेतीचं सोपं आहे. गट नंबर घ्या आणि महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा काढा, १५ रुपये लागतात. "दहा एकर बागायत" म्हणतात त्यात तीन गोष्टी बघा. एक, खातेदारांच्या रकान्यात भावकीतली किती नावं आहेत. पाच नावं असतील तर दहा एकर एकट्याचे नाहीत. दोन, इतर हक्कात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा किती. तीन, पीकपाहणीत ऊस किंवा द्राक्ष खरंच लागलेलं आहे की तूर आणि ज्वारी. आठ-अ काढला तर त्या गावातली त्या खात्यावरची सगळी जमीन एकत्र दिसते.

हे तपासणं म्हणजे संशय नव्हे. मुलीकडच्यांनी स्वतःच्या घराचा उतारा आधी पुढे केला तर समोरचाही मोकळेपणाने देतो.

लालपेशी

पत्रिकेआधी रक्त. दोघांच्या सीबीसीसोबत एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी रक्ततपासणी) करा, म्हणजे हिमोग्लोबिन ए-२ कळतं. ते ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर माणूस थॅलेसेमियाचा (आनुवंशिक रक्तविकाराचा) वाहक असण्याची शक्यता असते. वाहकाला स्वतःला काही त्रास नसतो, म्हणून कुणाला पत्ता नसतो. दोघेही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल थॅलेसेमिया मेजर (आजाराचं गंभीर रूप) असण्याची शक्यता २५ टक्के. अंगात लोह कमी असेल तर ए-२ खोटं कमी दिसू शकतं, त्यामुळे काठावरचा रिपोर्ट आला तर लोहाची कमतरता भरून काढून तपासणी पुन्हा करायची. सिकल सेलही याच तपासणीत दिसतो.

बाकी रक्तगट, एचआयव्ही, कावीळ बी, साखर. सिव्हिल हॉस्पिटलच्या आयसीटीसी (समुपदेशन आणि तपासणी) केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि गुप्त ठेवतात. मुलगी आरएच निगेटिव्ह आणि मुलगा पॉझिटिव्ह असेल तर स्थळ मोडायचं कारण नाही. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर अँटी-डी इंजेक्शन वेळेवर घ्यायचं, एवढंच.

"एकच रक्तगट चालत नाही" हे सोलापुरात अजून ऐकू येतं. त्यात काही तथ्य नाही.

पंचांगवाले

वाद नको म्हणालात, तरी बघणाऱ्यांसाठी लिहितो. ३६ गुणांत नाडीचे ८, भकूटाचे ७, गणाचे ६, ग्रहमैत्रीचे ५, योनीचे ४, ताराचे ३, वश्याचे २, वर्णाचा १. रिवाजाने १८ च्या वर जुळले की पुढे जातात. हे सगळे गुण चंद्राच्या नक्षत्रावर आणि राशीवर आहेत. चंद्र एका नक्षत्रात साधारण दिवसभर असतो, म्हणून जन्मवेळ पंधरा मिनिटं चुकली तरी गुण सहसा बदलत नाहीत. मंगळाचं तसं नाही. तो कुंडलीतल्या लग्नापासून (जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीपासून) १, ४, ७, ८, १२ या स्थानांत बघतात आणि लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते. वेळ काठावरची असेल तर एका ज्योतिषाकडे मंगळ निघतो, दुसऱ्याकडे निघत नाही. म्हणून वेळ दवाखान्याच्या कागदावरून घ्या. "दिवेलागणीला झाली" यावरून पत्रिका मांडू नका.

आणि पत्रिका बघायची तर पाहण्याच्या कार्यक्रमाआधी बघा. मुलगी पसंत सांगून आठ दिवसांनी "पत्रिका जुळत नाही" कळवणं हा सभ्य नकार नव्हे.

लालपेशी

शेवटच्या वाक्याला अनुमोदन. आधीच्या मजकुराला नाही. :)

पूर्व_भाग

आपल्याकडे मराठी, कन्नड, तेलुगू घरं एकमेकांत मिसळलेली आहेत, म्हणून दोन मुद्दे. मामाची मुलगी किंवा बहिणीची मुलगी करायची चाल अनेक घरांत आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात ही नाती मनाई असलेल्यांत येतात, फक्त दोन्हीकडच्या रूढीत मान्यता असेल तर सूट आहे. रूढी एकाच बाजूची असून भागत नाही. नात्यातलं स्थळ असेल तर वरची एचपीएलसी टाळूच नका.

दुसरं, जात वेगळी असली तरी दोघे हिंदू असतील तर विशेष विवाह कायद्याची गरज नाही. लिंगायतही हिंदू विवाह कायद्यात येतात. धर्म वेगळे असतील आणि कुणालाच धर्म बदलायचा नसेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्यात दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. नोटीस दिल्यावर आणखी ३० दिवस थांबायचं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागलं पाहिजे. साखरपुड्याची आणि लग्नाची तारीख या हिशेबाने ठेवा.

तेलुगू घरांत निश्चितार्थमला (साखरपुड्याला) ताटं विषम संख्येत नेतात. मराठी सोयऱ्यांना ते आधी सांगून ठेवा, नाहीतर हौसेने कुणीतरी ऐनवेळी एक ताट वाढवतं आणि सगळा हिशेब बिघडतो.

टिळकचौक

आता बैठक. सगळ्यात जास्त स्थळं इथे खटकतात, म्हणून थोडं सविस्तर.

बैठकीला दोन्हीकडून पाच-पाच माणसं आणि एक लिहिणारा. साखरपुडा कुठे, कुणाच्या खर्चाने, किती माणसांत. लग्न कुठे, हॉलचं भाडं आणि जेवण कोण देणार. मानपानाच्या साड्या-टॉवेल-टोप्या किती जणांना. पाहुण्यांना आणायच्या बसचं भाडं कुणाचं. दागिने कोण किती घालणार. एकेक मुद्दा वाचून दाखवायचा, "ठीक आहे" असा मोघम शब्द न लिहिता आकडा लिहायचा, दोन प्रती करून दोन्हीकडे ठेवायच्या. "आमची काही अपेक्षा नाही, तुम्ही तुमच्या मुलीला हौसेने द्याल ते" या वाक्यावर बैठक संपवू नका. याचा अर्थ प्रत्येक घरात वेगळा निघतो, आणि तो निघतो साखरपुड्यानंतर.

हुंड्याची गोष्ट स्पष्ट आहे. १९६१ चा कायदा देणाऱ्यालाही लागू होतो. देण्याघेण्याला किमान पाच वर्षं कैद, आणि १५,००० रुपये किंवा हुंड्याची किंमत यांत जे जास्त तेवढा दंड. नुसती मागणीसुद्धा गुन्हा आहे. गाडी, फ्लॅटचा हप्ता, नोकरीसाठी "भरायचे" पैसे, नाव काहीही द्या, लग्नाच्या अटीवर मागितलं की हुंडाच. खुशीने दिलेल्या लग्नातल्या भेटींची यादी करून सही करायची तरतूद १९८५ च्या नियमांत आहे, ती करून ठेवावी.

मंगळवार_पेठ

खर्च निम्मा-निम्मा करा की. साखरपुडा मुलीकडचा, लग्नही मुलीकडचं, आणि मानपानाची यादी मुलाकडची, हे कुठलं गणित?

टिळकचौक

गणित बरोबरच आहे तुमचं. पण निम्म्याचा हिशेब नंतर जुळत नाही, कारण दोन्हीकडची माणसं सारखी नसतात. त्यापेक्षा हॉल आणि सजावट निम्मी, जेवणाचं ताट ज्याच्या माणसाचं त्याच्याकडे. ताटं मोजणारा माणूस दोन्हीकडून एकेक ठेवायचा.

सराफकट्टा

अंगठीचं माप सरळ दुकानात घेता येत नसेल तर असं घ्या. पाच मिलिमीटर रुंद कागदाची पट्टी बोटाच्या मुळाशी गुंडाळा, जिथे मिळते तिथे खूण करा आणि लांबी मिलिमीटरमध्ये मोजा. त्यातून ४० वजा केले की भारतीय माप येतं. ५२ आले तर १२ नंबर. पेर जाड असेल तर पेरावरही मोजा आणि दोन्हींच्या मधलं माप घ्या. माप संध्याकाळी घ्या, सकाळी बोट बारीक असतं. उन्हाळ्यात बोटं सुजतात, सहा मिलिमीटरच्या वरची रुंद अंगठी असेल तर एक नंबर मोठा लागतो. दोरा गुंडाळून माप घेऊ नका. दोरा ताणतो, त्या मापाची अंगठी घट्ट होते आणि स्टेजवर साबण शोधावा लागतो.

साधी अंगठी नंतर एक-दोन नंबर लहानमोठी करता येते. सगळीकडून खडे बसवलेली करता येत नाही. ती घ्यायची तर माप दोनदा घ्या.

सोनं २२ कॅरेटचं असेल तर २२के९१६, हिऱ्याला बहुधा १८ कॅरेट म्हणजे ७५०. आतल्या बाजूला बीआयएसची खूण, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षरी एचयूआयडी (त्या दागिन्याचा स्वतंत्र नंबर) अशा तीन खुणा हव्यात. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यांना एचयूआयडी लागतोच. बीआयएस केअर ॲपमध्ये तो नंबर टाकला की कुठल्या सराफाचा, कुठे तपासला, दागिना कोणता आणि शुद्धता किती ते दिसतं. तिथे "अंगठी"ऐवजी "पेंडंट" आलं तर तो दागिना घेऊ नका. बिलात सोन्याचं वजन आणि खड्याचं वजन वेगळं लिहून घ्या. खडा सोन्याच्या भावाने तोलला जातो तो इथेच. करायला टाकली तर पंधरा दिवस धरा, लग्नसराईत त्याहून जास्त.

चाटी_गल्ली

साडी मुलाकडचे घेतात, ब्लाउज मुलीकडे शिवायचा, आणि सगळी पळापळ या दोनांच्या मध्ये होते. साखरपुड्याआधी किमान तीन आठवडे साडी मुलीच्या हातात पडली पाहिजे. फॉल-पिको दोन दिवस, अस्तराचा ब्लाउज सीझनमध्ये दहा-बारा दिवस, आरी वर्क असेल तर आणखी आठवडा. मुलीला दुकानात सोबत न्या. "सरप्राइज" साडीचा रंग मुलाच्या कुर्त्याशी भांडतो, आणि तो फोटोत जन्मभर दिसतो.

चटणी_भाकर

जेवणाचा अंदाज देतो, १०० माणसांचा. मसालेभाताला तांदूळ ८ किलो, पुऱ्यांना कणीक ९-१० किलो, श्रीखंड ११ किलो, भज्यांना बेसन ३ किलो, मठ्ठा १५ लिटर, शेंगा चटणी एक किलो. चटणी पाणी लागू न देता वाढायची. बासुंदी करायची तर म्हशीचं दूध २५ ते ३० लिटर, निम्म्याहून खाली आटवून. मे महिन्यात बासुंदी आणि श्रीखंड दोन्ही जोखमीची. रात्री करून ठेवली की दुपारपर्यंत आंबतात, त्यामुळे बर्फात ठेवायची सोय नसेल तर नकोच. तेव्हा शेंगा पोळी बरी, चार दिवस टिकते. माणशी दोन धरल्या तर २०० पोळ्या, दाणे ४ किलो आणि गूळ ३ किलो. कूट पूर्ण गार झाल्यावरच गूळ मिसळायचा. गरम कुटाला तेल सुटतं आणि पोळी लाटताना फुटते.

आणि पाणी! आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी. घरच्या गच्चीवर कार्यक्रम असेल तर पाण्याचा वार आधी बघा, टँकर सांगून ठेवा. पिण्याचे २० लिटरचे जार हिवाळ्यात सहा, उन्हाळ्यात दहा.

माणसं ५० सांगितली की ८० येतात, कारण यादीत लिहिताना "काका" लिहितात आणि येतं काकांचं कुटुंब. यादी माणसांची करा, घरांची नको.

पंचांगवाले

विधी तासाभराचा आहे. गणपतीपूजन, वरुणपूजन, दोन्हीकडच्या वडिलांनी गोत्र-नाव घेऊन वाङ्‌निश्चय, मग मुलाची आई मुलीला कुंकू लावून साडी देते. मुलगी साडी नेसून येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं जातात. गुरुजींना घाई असेल तर त्या वेळेत मुलाकडचा मान उरकून घ्या. नंतर ओटी: खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम, फळ. मग साखरेचा पुडा हातात आणि शेवटी अंगठ्या. पुड्यात पेढे भरत असाल तर उन्हाळ्यात कोरडे घ्या, मलई पेढ्याने कागदाला तूप सुटतं. लिंगायत घरांत विधीला जंगम (त्यांचे पुरोहित) बोलावतात, त्यांना सामानाची यादी आधी विचारा. आमच्या यादीने त्यांचं चालत नाही.

होटगी_रोड

सगळ्यांचे आभार. मुलाकडून एक सूर येतोय की "माणसं जमतायतच तर साखरपुड्यातच लग्न लावू". हे चालतं का?

मंगळवार_पेठ

लय पैसे वाचतात. एवढं काय टेन्शन घेऊलालाव, लावून टाका.

पूर्व_भाग

चालतं, पण हे बैठकीतच ठरलं पाहिजे. स्टेजवर नव्हे. ऐनवेळी मुलीला विचारणं म्हणजे विचारणं नाहीच. मुलगा २१, मुलगी १८ पूर्ण असल्याचे दाखले, लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही, तीन साक्षीदार आणि त्यांची ओळखपत्रं त्या दिवशी हाताशी हवीत, कारण नोंदणी ९० दिवसांच्या आत करायची असते. लग्नपत्रिका छापलेली नसली तर नोंदणी कार्यालयात त्याऐवजी काय चालतं ते आधी जाऊन विचारा. आणि गावाकडच्या ज्यांना "नुसता साखरपुडा" म्हणून बोलावलं नाही, त्यांची नाराजी वर्षभर पुरते.

होटगी_रोड

शेवटचं. तारीख ठरल्यावर कुणाच्या घरी सुतक आलं तर?

पंचांगवाले

दहा दिवस थांबून पुढची तारीख. अंगठ्या, साडी तशाच ठेवायच्या, परत विकत घ्यायचं काही नाही.

टिळकचौक

हॉलवाला बहुधा तारीख बदलून देतो, पैसे परत देत नाही. पावतीवर "तारीख एकदा बदलता येईल" आणि किती दिवस आधी कळवायचं ते लिहून घ्या. आचाऱ्याला ॲडव्हान्स चौथाईच्या वर देऊ नका, किराणा तो दोन दिवस आधीच भरतो.